किल्ली माझ्याच पर्समध्ये असते



या वेळचा लेख थोडा लांबला आहे, आणि त्यात प्रार्थनेपेक्षा दगडमातीचंच बोलणं जास्त आहे. तरी शेवटपर्यंत वाचा अशी विनंती. मला एका गोष्टीची कबुली द्यायची आहे, आणि ती मी एकदम देऊ शकत नाही.

२०२५ सालच्या उपवासकाळातली गोष्ट. मार्चची २८ तारीख, शुक्रवार. संध्याकाळी क्रूसाची वाट आटोपून घरी आले आणि फोन उघडला, तर म्यानमारच्या भूकंपाचे व्हिडिओ एकामागून एक. तिकडे दुपार होती. रमजानचा शेवटचा शुक्रवार, जुम्म्याच्या नमाजाची वेळ. मशिदी भरलेल्या होत्या आणि त्या कोसळल्या. शेकडो माणसं नमाज पढतानाच गेली. त्याच मंडाले शहरात बौद्ध भिक्खू परीक्षेला बसले होते, ती इमारतही खाली आली. एकूण मृतांचा आकडा पुढे साडेतीन हजारांच्या वर गेला.

रात्री आमच्या एका प्रार्थनागटाच्या व्हॉट्सॲपवर एक फॉरवर्ड आला. कुणी लिहिला होता ते कुणालाच माहीत नव्हतं. मतलब एवढाच, की देवाने आपला हात दाखवला आहे, खरा देव कोण आणि खोटी उपासना कोणाची हे आता जगाला कळेल. खाली दोनचार जणांनी हात जोडलेले. एकाने ‘आमेन’ लिहिलं. मी वाचलं, मला आवडलं नाही, आणि मी काहीही न लिहिता फोन चार्जिंगला लावला.

तीन दिवसांनी ईद होती. आमच्या बुऱ्हाणपुरात ईदच्या दिवशी शेजारून शीरखुर्मा आला नाही असं होत नाही. खाला स्वतः वाटी घेऊन आल्या. त्यांच्या घरी पॉवरलूम आहे, आमची भिंत आणि त्यांची भिंत एकच. बसल्या, पाणी प्यायल्या, आणि बोलता बोलता म्हणाल्या, “बेटा, वो लोग तो सजदे में थे.” एवढंच. त्यांना त्या फॉरवर्डबद्दल काही माहीत नव्हतं. पण माझ्या घशाखाली तो शीरखुर्मा उतरेना.

तेव्हापासून हा विषय डोक्यात आहे. भूकंप ही देवाने दिलेली शिक्षा आहे, असं म्हणायचा अधिकार आपल्याला कुणी दिला? माझं मत सरळ सांगते: कुणीही दिलेला नाही. आणि हे मत मी शास्त्राला बाजूला सारून मांडत नाही, शास्त्र वाचूनच मांडते आहे.

आधी आपल्याच घरातलं एक उदाहरण. १ नोव्हेंबर १७५५, सर्व संतांचा सण. पोर्तुगालची राजधानी लिस्बन. सकाळची वेळ, लोक मिस्साला गेलेले, वेदीवर मेणबत्त्या लागलेल्या. भूकंपाने चर्चेस भाविकांच्या अंगावर कोसळली. मग आग लागली, ती कित्येक दिवस जळत राहिली, आणि समुद्रही शहरात शिरला. युरोपातलं एक अत्यंत धार्मिक कॅथलिक शहर, आणि तेही सणाच्या दिवशी! त्या वेळी इतर पंथांतल्या काही लोकांनी आपल्याबद्दल तेच म्हटलं जे त्या फॉरवर्डमध्ये मंडालेच्या मुसलमानांबद्दल म्हटलं होतं. आणि आपल्यातले काय म्हणत होते? गाब्रिएल मालाग्रिदा नावाच्या वयोवृद्ध येशूसंघीय धर्मगुरूंनी पुस्तिका लिहिली, की या भूकंपाला नैसर्गिक कारण नाही, लिस्बनची पापं हेच कारण आहे. तेव्हाचा मंत्री पोंबाल शहर उभारायच्या घाईत होता. लोकांनी ढिगारे उपसायचे सोडून पश्चात्ताप करत बसावं हे त्याला परवडणारं नव्हतं. त्याने मालाग्रिदांना शहराबाहेर घालवलं, आणि पुढे १७६१ मध्ये त्यांचा फार वाईट अंत झाला. पोंबाल काही संत नव्हता, क्रूरच होता. पण त्याच्या माणसांनी नव्या घरांच्या भिंतींच्या आत लाकडी सांगाडा बसवायची पद्धत काढली. हलणाऱ्या जमिनीवर घर तगावं म्हणून. त्याचा नमुना उभारून भोवती सैनिकांना पाय आपटत चालायला लावलं आणि तो टिकतो का पाहिलं, असं सांगतात. या दोघांपैकी कोणाच्या हातून जीव वाचले असतील, हे तुम्हीच ठरवा. मला मात्र एका धर्मगुरूविरुद्ध हे लिहिताना बरं वाटत नाही.

आपल्या देशातही हा वाद झालेला आहे. १५ जानेवारी १९३४ ला बिहारमध्ये मोठा भूकंप झाला. गांधीजी म्हणाले, ही अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा आहे. रवींद्रनाथ टागोरांना ते पटलं नाही, त्यांनी तसं जाहीरपणे लिहिलं, आणि गांधीजींनी ते आपल्याच ‘हरिजन’मध्ये छापून त्याला उत्तर दिलं. मोठी माणसं ती, मतभेदही मोठ्या मनाने केले. गांधीजींचा हेतू मला कळतो. आमच्यातल्या कितीतरी कुटुंबांचे आजे-पणजे ज्या वस्त्यांतून प्रभूकडे आले, त्या वस्त्यांसाठीच ते भांडत होते. पण शिक्षा म्हणायची तर ती कोणाला झाली? भूकंपात पहिली पडतात ती गरिबाची घरं. अस्पृश्यता पाळणाऱ्याची माडी उभी आणि जो ती सोसत होता त्याची झोपडी भुईसपाट, असा न्याय देव करतो असं मला म्हणवत नाही.

आणि प्रभूंनाही म्हणवलं नाही. लूकच्या शुभवर्तमानाचा तेरावा अध्याय काढा. लोकांनी येशूला एका अत्याचाराची बातमी सांगितली होती. तेव्हा प्रभूंनी आपणहून दुसरी घटना काढली. शिलोहचा बुरूज पडून त्याखाली अठरा माणसं मेली होती. त्यांनी विचारलं, ती अठरा माणसं यरुशलेममधल्या बाकीच्यांपेक्षा जास्त पापी होती असं तुम्हाला वाटतं का? आणि उत्तरही स्वतःच दिलं: नाही. इतकं स्पष्ट ‘नाही’ शुभवर्तमानात फार ठिकाणी सापडत नाही. पण ते तिथेच थांबत नाहीत. पुढे ऐकणाऱ्यांकडेच वळतात, की तुम्ही पश्चात्ताप करा. म्हणजे मेलेल्यांच्या पापांची यादी करू नका, स्वतःची करा. आपण नेमकं उलटं करतो. मंडालेची यादी करतो आणि आपली वही कोरी ठेवतो.

इथे एक अडचण आहे, ती लपवत नाही. आमच्या प्रार्थनागटातल्या एका ज्येष्ठ काकांना मी हे बोलून दाखवलं, तेव्हा ते म्हणाले, “मग बायबलात भूकंप येतात ते काय उगीच? प्रभूने प्राण सोडला तेव्हा धरणी हादरली, खडक फुटले. कबरेवरचा दगड सरला तेव्हाही भूकंप झाला. आमोस संदेष्टा तर उज्जीया राजाच्या काळातल्या भूकंपावरून आपला काळ सांगतो.” त्यांचं बरोबर आहे. पण त्या ठिकाणी अर्थ शास्त्रानेच सांगितलेला आहे, फॉरवर्ड पाठवणाऱ्याने नाही. आणि त्याच शास्त्रात एलियाची गोष्टही आहे: होरेब पर्वतावर सोसाट्याचा वारा सुटला, मग भूकंप झाला, मग अग्नी आला, आणि यांपैकी कशातच परमेश्वर नव्हता. तो त्यानंतरच्या मंद, शांत आवाजात होता. काकांचं यावर समाधान झालं नाही. देवाच्या हातात सगळं आहे तर भूकंप कोणाच्या हातात आहे, हा त्यांचा प्रश्न उभाच राहिला. माझ्याकडे त्याचं पुरतं उत्तर नाही. ईयोबाच्या मित्रांकडे सगळी उत्तरं होती, आणि शेवटी परमेश्वर रागावला तो त्यांच्यावरच, एवढं लक्षात ठेवून मी तो प्रश्न उघडा सोडते.

आता जमिनीकडे येते.

तुम्ही म्हणाल, बाई, बुऱ्हाणपुरात बसून भूकंपाचं काय घेऊन बसलात? इथे कुठे भूकंप होतो? मीही तेच समजून चालले होते. शिवाय आमच्या मोहल्ल्यात मागांच्या खडखडाटाने दिवसभर भांडी थरथरत असतात, भुसावळ-खंडवा लाइनवरून मालगाडी गेली तरी काच वाजते. एखादा बारीक धक्का आला तरी आम्हाला कळायचं नाही.

पण माझी आजी एक गोष्ट सांगायची. ती लहान असताना, सकाळी चुलीपाशी बसलेली असताना, फळीवरची पितळेची भांडी आपोआप खणखणायला लागली आणि तुळईवरून माती झडून पिठात पडली. घरातले सगळे बाहेर धावले. तिच्या आठवणीत ते उपवासकाळाचे दिवस होते, आणि वाड्यातली एक म्हातारी म्हणाली होती, उपवासकाळात लग्न लावलंत, आता भोगा. ते लग्न कुणाचं होतं, हे आजी शेवटपर्यंत हसत हसत सांगायची. आम्ही ती गोष्ट गंमत म्हणूनच ऐकली.

ती गंमत नव्हती. १४ मार्च १९३८, सोमवार. सातपुड्यात, आपल्या पश्चिमेला खरगोनच्या बाजूला, सव्वासहा रिश्टरच्या आसपासचा भूकंप झाला होता. त्या साली ईस्टर १७ एप्रिलला होता, म्हणजे तो सोमवार उपवासकाळाच्या दुसऱ्या रविवारनंतरचा. आजीची आठवण बरोबर निघाली. भूकंपाचं मूळ जमिनीत खूप खोल होतं, चाळीसेक किलोमीटर, म्हणून धक्का लांबवर पसरला पण त्याचा जोर विखुरला. वस्तीही तेव्हा आजच्याइतकी दाट नव्हती. निभावून गेलं.

नर्मदा आणि तापी या दोन्ही नद्या पश्चिमेकडे का वाहतात, हे शाळेत शिकलो होतो. सातपुड्याच्या दोन्ही अंगांना जमिनीत जुन्या भेगा आहेत, त्या खचलेल्या पट्ट्यांतून या नद्या जातात. आपला सगळा भारताचा तुकडा उत्तरेकडे सरकतो आहे, हिमालयाला रेटतो आहे. तो रेटा इथपर्यंत पोचतो आणि या जुन्या भेगांत साठत राहतो. हिमालयात तो वरचेवर मोकळा होतो. इथे एक-दोन पिढ्या काहीच होत नाही, आणि मग एके दिवशी होतं. १९७० च्या मार्चमध्ये याच पट्ट्याच्या पश्चिम टोकाला भडोचला झाला. २२ मे १९९७ ला पूर्वेकडे जबलपूरला झाला, ५.८ चा, पहाटे. तोही खोलवरचा होता, तरी चाळीसच्या आसपास माणसं गेली. आणि आपलं बुऱ्हाणपूर खंडवा जिल्ह्यातच होतं तेव्हा, नव्वदच्या दशकात, पंधानाच्या आसपास जमिनीतून गुडगुड आवाज आणि बारीक धक्के यांची मालिकाच सुरू होती. जुन्या लोकांना आठवत असेल. मोठं काही झालं नाही म्हणून आपण विसरलो.

किल्लारी मात्र कुणी मराठी माणूस विसरणार नाही. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे तीन छप्पन्न. गणपती विसर्जन करून लोक नुकतेच झोपले होते. ६.२ चा भूकंप. जगाच्या हिशेबात हा मध्यमच. आकडा पाहिला तर आजीच्या सातपुड्याच्या भूकंपासारखाच. पण याचं मूळ उथळ होतं, आणि वर घरं होती ती दगडमातीची. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत आठ ते दहा हजार माणसं गेली. सरकारी नकाशात तो भाग भूकंपाच्या सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या पट्ट्यात होता. किल्लारीनंतर तज्ज्ञांनी फेरविचार केला आणि २००२ च्या नकाशातून तो पहिला पट्टाच काढून टाकला. तिथे दोनपासून सुरुवात झाली. त्या नकाशात आपला नर्मदा-तापीचा पट्टा तिसऱ्यात आला. पूर्ण निर्धास्त अशी जागाच देशात ठेवली नाही, हे मला त्या नकाशातलं सगळ्यात प्रामाणिक वाक्य वाटतं.

किल्लारीत माणसं भूकंपाने मेली असं आपण म्हणतो. ती भिंतींनी मेली. दोन-अडीच फूट जाडीची भिंत, पण ती एक भिंत नसतेच. बाहेरून दगडांची एक रांग, आतून दुसरी, मध्ये माती नि चुरा. दोघींना बांधणारा आरपार दगड कुठेच नाही. जमीन हलली की दोन्ही रांगा पोट फुगल्यासारख्या वेगळ्या होतात आणि ढासळतात. वरचं माळवद तर दर पावसाळ्याआधी मातीचा नवा थर घालून जड झालेलं. ते सरळ झोपलेल्यांवर येतं. कोयनेचा भूकंप (११ डिसेंबर १९६७), किल्लारी, जबलपूर, तिन्ही वेळा पहाटच होती. आपण जिला घराची ऊब म्हणतो, ती जाड भिंत त्या वेळी उशाशी होती.

किल्लारीनंतरच्या दुरुस्तीच्या कामात जे केलं गेलं ते फार अवघड नव्हतं. दोन रांगा जोडायला आरपार बांध घालायचे, कोपरे एकमेकांत शिवायचे, दारं-खिडक्यांच्या वरून सगळ्या घराभोवती काँक्रीटची एक सलग पट्टी फिरवायची, म्हणजे घर पेटीसारखं एकसंध हलतं. छपरावरची जास्तीची माती उतरवायची. गवंड्याला सांगितलं तर तो करतो. पण सांगावं लागतं.

आमच्याकडे एक वाक्य फार चालतं: “चारशे वर्षं उभं आहे, याला काय होतंय?” शाही किल्ल्याकडे बोट दाखवतात, कुंडी भंडाऱ्याकडे दाखवतात. १६१५ साली खोदलेला कुंडी भंडारा अजून पाणी देतो, हे खरं आहे आणि अभिमानाचं आहे. पण जे उभं आहे तेवढंच आपल्याला दिसतं. जे पडलं त्याचे दगड लोकांनी कधीच घरं बांधायला नेले. आणि शाही किल्ल्याचं तरी किती उरलं आहे? तापीवर उभं राहून एकदा नीट पाहा.

आता पुन्हा लूकच्या तेराव्या अध्यायाकडे. शिलोहच्या बुरुजाबद्दल बोलून झाल्यावर प्रभू लगेच एक दाखला सांगतात. मिस्साला आपण दोन्ही एकत्र ऐकतो, तरी त्याचा बुरुजाशी संबंध आहे हे माझ्याही लक्षात आलं नव्हतं. द्राक्षमळ्यात एक अंजिराचं झाड आहे. तीन वर्षं फळ नाही. मालक म्हणतो, तोडून टाक. माळी म्हणतो, धनी, अजून एक वर्ष द्या, मी भोवती खणतो, खत घालतो. दाखला तिथेच संपतो. झाडाला फळ आलं की नाही, प्रभू सांगत नाहीत.

पडलेल्या बुरुजाच्या लगोलग मुदतवाढीची गोष्ट! मला आता ती आपल्या भागाची गोष्ट वाटते. १९३८ पासून आपल्याला एकेक वर्ष मिळत आलं आहे. जिथे वरचेवर जमीन हलते तिथल्या लोकांना आठवण करून द्यावी लागत नाही, शाळेतल्या पोरालाही टेबलाखाली जाऊन डोकं झाकायचं माहीत असतं. आपल्याला मुदत मिळाली, आणि मुदत म्हणजे माफी असं आपण समजलो. माळी मात्र मुदत मागताना हातात कुदळ घेऊनच बोलत होता. नुसतं ‘प्रभू राखेल’ म्हणून तो बसला नाही. प्रभू राखतो यावर माझा पूर्ण विश्वास आहे. तो आपल्या हातांनीही राखतो, यावरही आहे.

आता कबुली.

रविवारच्या मिस्साला मी दाराशी उभी असते. लोकांना जागा दाखवायची, वर्गणीच्या पेट्या फिरवायच्या, मुलांना शांत बसवायचं. आमच्या चर्चला मागचं मोठं दार आणि बाजूचं एक दार. बाजूच्या दारातून मुलं पळायची, एकदा प्रवचन चालू असताना कुत्रं आत आलं, चपला चोरीला गेल्या. म्हणून मी ते दार मिस्सा सुरू झाली की आतून कुलूप लावून बंद करायला लागले. कुणी सांगितलं नव्हतं, ही माझीच हुशारी. किल्ली माझ्या पर्समध्ये. किती वर्षं? निदान सहा. नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्साला, जेव्हा माणूस माणसाला खेटून उभा असतो आणि निम्मी मुलं आयांच्या मांडीवर झोपलेली असतात, तेव्हाही ते दार बंद, आणि किल्ली पर्समध्ये, पर्स कधी कधी गायनमंडळाच्या बाकाखाली.

भूकंप कशाला हवा? शॉर्ट सर्किट झालं असतं तरी पुरे होतं. लिस्बनच्या चर्चेसबद्दल वाचताना मला आधी ते दार दिसलं, मग बाकीचं. आणि मी होते ती, जी त्या फॉरवर्डवर मनातल्या मनात नाक मुरडत होते! दुसऱ्याच्या पापाची यादी करणाऱ्याला नावं ठेवत होते, आणि माझी वही पर्समध्ये किल्लीखाली दबलेली होती.

प्रेषितांच्या कृत्यांत फिलिप्पैच्या तुरुंगातली रात्र आहे. पौल आणि सीला मध्यरात्री स्तुतिगीतं गात होते, भूकंप झाला, पाये हादरले आणि सगळी दारं उघडली. लहानपणापासून तो प्रसंग चमत्कार म्हणून ऐकला. पण खरोखरच्या भूकंपात दारं उघडत नाहीत. चौकट तिरकी होते आणि दार तिथेच अडकून बसतं. म्हणून ते आधी उघडं असावं लागतं.

पुढच्या बैठकीत मी तीन गोष्टी मांडणार आहे, आणि त्यातल्या एकीवर भांडण होईल हे मला माहीत आहे. एक, बाजूच्या दाराचं कुलूप काढायचं. यावर कुणाची हरकत असणार नाही. दोन, उपासनेच्या वेळी धक्का बसला तर काय करायचं ते वर्षातून एकदा मिस्सानंतर पाच मिनिटं करून दाखवायचं. धावत दाराकडे लोटायचं नाही, बाकांच्या मध्ये खाली वाकायचं, डोकं झाकायचं, हलणं थांबलं की रांगेने बाहेर. आणि एकदा बाहेर आलात की पुतळा राहिला, पेटी राहिली म्हणून आत परत जायचं नाही. इटलीत असिसीला २६ सप्टेंबर १९९७ ला रात्री पहिला धक्का बसला. सकाळी संत फ्रान्सिसच्या बॅसिलिकेत किती नुकसान झालं ते पाहायला काही माणसं आत गेली, तेवढ्यात दुसरा धक्का बसला आणि छताची कमान कोसळली. दोन फ्रान्सिस्कन बंधू आणि दोन तंत्रज्ञ तिथेच गेले. इतक्या पवित्र जागेत, इतक्या चांगल्या कामासाठी गेलेले. शिलोहचा प्रश्न त्यांच्याबद्दलही विचारून पाहा.

तिसरी गोष्ट भांडणाची. एका गावात आपल्या मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग भरतो. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. जुन्या दगडमातीच्या घरातली भाड्याची खोली आहे, वर धाबं. शनिवारी वीसेक मुलं असतात, मीच शिकवते. एका कोपऱ्यात वरपासून खालपर्यंत चीर गेली आहे. तिच्यावर मी स्वतः आमच्या पवित्र कुटुंबाचं कॅलेंडर टांगलं आहे, कारण ती चांगली दिसत नव्हती. प्रवेशद्वाराच्या नव्या कमानीसाठी गेल्या वर्षी जी वर्गणी जमली, त्यात घरोघरी हिंडून पैसे गोळा करणाऱ्यांत मी पुढे होते. माझं म्हणणं असं, की कमान एक-दोन वर्षं थांबेल. त्या पैशातून इंजिनिअरला बोलावून ती खोली दाखवावी. दुरुस्त होण्यासारखी असेल तर घरमालकाशी बोलून करावी, नसेल तर वर्ग पत्र्याच्या शेडमध्ये हलवावा. लोक म्हणतील, ज्या कामासाठी दिले त्याच कामाला लावा. त्यांचं म्हणणं चुकीचं नाही. म्हणूनच घरोघरी जाऊन मागितले तसे आता घरोघरी जाऊन विचारायचं, असं मी ठरवलं आहे. गेल्या शनिवारी वर्ग मी बाहेर चिंचेखाली घेतला. मुलं खूश होती, अर्धा वेळ चिंचा वेचण्यात गेला.

त्या फॉरवर्डला मी इतक्या उशिरा उत्तर दिलं. शिलोहच्या बुरुजाचा अध्याय आणि वचनांचे आकडे टाकले, दुसरं काही नाही. ‘आमेन’ लिहिणाऱ्याने अजून वाचलेलं दिसत नाही.

बाजूचं दार या रविवारपासून उघडं आहे. कुत्रं आलंच. तांबडं, कान तुटलेलं. पहिल्या वाचनापासून अर्पणापर्यंत दुसऱ्या बाकाखाली झोपून होतं, कुणाला त्रास दिला नाही. चपलांचं काय करायचं ते मात्र बघावं लागेल.